पडद्यावरचे पुराण आणि पडद्यामागचे हात



गोदाकाठचे नाशिक म्हटले की रामायणातील प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहतात. पंचवटी, सीतागुंफा, रामकुंड, तपोवन ही नावे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असतात. परंतु रामायण-भागवतातील कथांना पडद्यावर हलते रूप देणारा भारतातील एक आद्य कारखानाही याच नगरीत उभा होता, ही गोष्ट त्या मानाने थोड्यांच्याच स्मरणात असते. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. भारतीय कथापटाचा जन्म, त्याचे मूकपण आणि त्याला फुटलेली वाचा, हे सारे या दोन तारखांच्या मध्ये घडून गेले.

जुन्या पौराणिक चित्रपटांविषयी वडीलधारी मंडळी आजही मोठ्या ओढीने बोलतात. जत्रेतील तंबू, यंत्रातून निघणारा शुभ्र झोत, पडद्यावर देव प्रकटताच जोडले जाणारे हात आणि रीळ तुटताच उठणारा गलका, या आठवणी गोड आहेत. मात्र त्या गोडीमागे एक कटू वस्तुस्थिती दडलेली आहे. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेहून अधिक चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी संपूर्ण अवस्थेत आज उपलब्ध असलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. आठवण पुष्कळांनी ठेवली. वस्तू जपली ती फार थोड्यांनी. आठवण जपणे आणि वस्तू जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा नाशिकच्या चित्रसृष्टीने शिकविलेला धडा आहे, आणि त्याचा संबंध गावोगावच्या शाळांशी, ग्रामपंचायतींशी व शासकीय कार्यालयांशीही पोहोचतो.

एका कुटुंबाचा उद्योग

दादासाहेबांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. घरातील पुराणांचे संस्कार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील व बडोद्याच्या कलाभवनातील शिक्षण, छायाचित्रणाचा व्यवसाय आणि मुद्रणकलेचा अनुभव, अशी नानाविध शिदोरी त्यांच्यापाशी होती. वयाच्या चाळिशीच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. ख्रिस्ताच्या जागी राम आणि कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटून टाकले. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रपटशाळेत त्यांनी कामाची पद्धत पाहिली, आणि कॅमेरा व चित्रफितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी करून ते परतले.

भांडवलाचा प्रश्न त्यांनी सोडविला तो एका वाटाण्याच्या साहाय्याने. कुंडीत पेरलेल्या दाण्याचे रोपात होणारे रूपांतर त्यांनी रोज थोडे थोडे चित्रित केले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत पाहावयास मिळाल्यावर पैसे पुरविणाऱ्याची खात्री पटली. घरातील दागिनेही या कामी लागले. सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा तर स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. त्या काळी कोरी फीत छिद्रांवाचून येत असे. अंधाऱ्या खोलीत ती छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, चित्रित फीत धुणे ही कामे त्यांनी केली, आणि त्याच वेळी सर्व कलावंत-कामगारांच्या जेवणाखाणाची व्यवस्थाही सांभाळली. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील पहिली स्त्री-तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव आदराने घ्यावयास हवे.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले होते, तर तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. कारण तोंडाला रंग लावण्यास एकही स्त्री तयार नव्हती. रोहिदासाच्या भूमिकेत दादासाहेबांचाच मुलगा भालचंद्र होता. या यशानंतर दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रीचे पाऊल पडले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका साकारल्या. १९१८ मध्ये नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ आणि पुढल्या वर्षी ‘कालियामर्दन’ निघाला. त्यात कृष्ण झाली ती दादासाहेबांची छोटी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ही मुलगी प्रथम साध्या रूपात प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविते आणि मग कृष्ण बनते. हा देव म्हणजे आपल्यातीलच एक मूल आहे, हे आधी सांगून मग त्याच्याकडून कालियाचे मर्दन करविणारा हा दिग्दर्शक आपल्या प्रेक्षकांना किती नेमका ओळखत होता, हे यावरून दिसते.

सत्तावन्न हजार छायाचित्रे

त्या काळच्या प्रेक्षकांना या नव्या करमणुकीची किंमत पटवून देणे सोपे नव्हते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय असलेले लोक तीन आण्यांत दीड तासाचा खेळ पाहण्यास नाखूश असत. सुरतेत ‘राजा हरिश्चंद्र’ला गर्दी होईना, तेव्हा दादासाहेबांनी जाहिरातच अशी केली की, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल. लोकांनी गर्दी केली.

या जाहिरातीचा हिशेब करून पाहणे उद्बोधक आहे. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे एकूण चित्रे ५९,२०० भरतात. छायाचित्रांचा आकडा अशा रीतीने जवळजवळ खरा होता. लांबी मात्र दोन मैल नसून पाऊण मैलाहूनही थोडी कमी होती. जाहिरातीतील ही अतिशयोक्ती सोडली, तर तीन आण्यांच्या मोबदल्यात प्रेक्षकाच्या पदरात काय पडते हे इतक्या सोप्या भाषेत सांगितल्याचे उदाहरण क्वचितच आढळेल. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे.

ही हजारो चित्रे हलती दिसतात कशी? फीत यंत्रातून सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. थांबलेल्या चित्रावर प्रकाश पडतो आणि फीत सरकत असताना फिरती झडप तो प्रकाश अडविते. मूकपटांच्या वेळी हा वेग साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे असा असे, आणि यंत्राचा दांडा पुष्कळ ठिकाणी हातानेच फिरविला जाई. हात थकला की पडद्यावरचा हनुमानही मंदावे. बोलपट आल्यावर आवाजाची पट्टी एकसारख्या गतीने चालणे आवश्यक झाले. तेव्हा वेग सेकंदाला २४ चित्रांवर स्थिर झाला आणि दांड्याची जागा मोटारीने घेतली.

प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर ठेवून त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवीत. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्यांच्यातील अंतर पुन्हापुन्हा जुळवावे लागे. ते चुकले की पडदा पिवळा पडे वा अंधारे. एक हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे ११ मिनिटांत संपते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूस क्षणभर एक ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरे यंत्र सुरू करी, आणि पुढच्या ठिपक्याबरोबर खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेई. खाली बसलेल्यांना याचा पत्ताही लागत नसे. उकाड्याच्या कोंदट खोलीत, स्वतः खेळ सलगपणे न पाहता, तो हजारोंना दाखविणाऱ्या या कामगाराचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत आले नाही.

मंदिर आणि मंडप

‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर येताच आणि ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कृष्ण दिसताच स्त्री-पुरुष प्रेक्षक पडद्यासमोर साष्टांग नमस्कार घालीत. ‘लंकादहन’च्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असेही सांगतात. लिहितावाचता न येणाऱ्या समाजास कीर्तन, लळित, दशावतार यांतून पुराणे ठाऊक होतीच. त्यामुळे ओळखीची कथा नव्या साधनातून पाहताना अक्षरओळखीची अडचण आली नाही. पुढे बोलपटांचे युग सुरू झाले, तेव्हाही हा धागा तुटला नाही. प्रभात कंपनीचा १९३२ मधील ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट पुन्हा हरिश्चंद्राचीच कथा घेऊन आला. दादासाहेबांनी स्वतः एकच बोलपट केला, तोही ‘गंगावतरण’ हा पौराणिकच. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला हा चित्रपट १९३७ मध्ये निघाला.

शहरातील चित्रपटगृहांपेक्षाही या चित्रपटांना मोठा आश्रय मिळाला तो फिरत्या तंबूंत. सुगी संपली, जत्रांचा हंगाम सुरू झाला की गाडीवर यंत्र, पडदा, कनाती आणि वीजजनित्र लादून ही मंडळी गावोगाव निघत. सायंकाळी कर्ण्यावरून गाणी सुरू झाली की पंचक्रोशीतील माणसे बैलगाड्या जुंपून येत. तंबूत एका बाजूस स्त्रिया, दुसऱ्या बाजूस पुरुष, आणि जमिनीवर अंथरलेली घोंगडी. शासनाच्या माहिती खात्याच्या गाड्याही १६ मिलिमीटरचे यंत्र घेऊन खेड्यांत येत आणि शाळेच्या भिंतीवर वा चावडीपुढे शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण या विषयांवरील अनुबोधपट दाखवीत. अनेक गावांनी विजेचा पहिला दिवा पाहिला तो अशा खेळाच्या वेळी. सारा गाव एकाच वेळी, एकाच गोष्टीवर हसतो वा डोळे टिपतो, हा अनुभव या खेळांनी दिला. जुन्या सिनेमाची हुरहूर वाटते ती बरीचशी या एकत्रपणाची असते.

रिळे गेली कोठे?

नाशिकच्या कंपनीतून आणि एकूणच दादासाहेबांच्या हातून शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट निघाले. त्यांपैकी आज पाहावयास मिळतात ते ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग आणि ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ यांसारख्या काही चित्रपटांचे तुकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ प्रत नष्ट झाल्यामुळे १९१७ मध्ये तो पुन्हा चित्रित करावा लागला होता. जतन झालेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे.

या नाशाची कारणे तीन. पहिले कारण खुद्द फितीत आहे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असून एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेचीही गरज लागत नाही. पाण्याखालीही ती जळत राहते. ठेवून दिली तरी ती हळूहळू चिकट होते व शेवटी तिची तपकिरी भुकटी उरते. १९५० च्या दशकाच्या आरंभी तिची निर्मिती थांबली आणि सुरक्षित मानली जाणारी ॲसिटेटची फीत रूढ झाली. परंतु उष्ण व दमट हवेत हीदेखील आंबते, व्हिनेगरसारखा वास सोडते आणि आक्रसते. दुसरे कारण चांदी. चित्रफितीवरील थरात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटांस गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा ती रिळे चांदी काढून घेण्यासाठी मोडीत गेली. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. ज्या हेपवर्थ यांच्याकडे दादासाहेबांनी काम पाहिले, त्यांची कंपनी १९२४ मध्ये बुडाली आणि त्यांच्या बहुतेक मूळ प्रती वितळविण्यासाठी विकल्या गेल्या. गुरू आणि शिष्य या दोघांच्याही कृतींच्या वाट्यास असा सारखाच शेवट आला.

तिसरे कारण मात्र टाळता येण्यासारखे होते. ते म्हणजे, करमणुकीची वस्तू जपून ठेवण्यासारखी आहे असे कोणास वाटलेच नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, दादासाहेबांच्या निधनानंतर वीस वर्षांनी. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी देशभर फिरून डबे गोळा केले. फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांमुळेच आज ‘कालियामर्दन’मधील मंदाकिनी पुन्हा पाहता येते. घरात कोणी तरी डबा फेकून दिला नाही आणि कोणी तरी तो मागावयास आला, या दोन साध्या गोष्टींवर हा वारसा तरला आहे. संग्रहालयासही संकटे चुकली नाहीत. जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट प्रतींचा मोठा साठा भस्मसात झाला.

आता काय करावयाचे?

२०१० नंतरच्या काही वर्षांतच चित्रपटगृहांतून फितीचे यंत्र हद्दपार झाले आणि त्याची जागा डिजिटल यंत्राने घेतली. प्रतिमा स्वच्छ झाली, वाहतुकीचा खर्च वाचला, लहान गावातही नवा चित्रपट पहिल्याच दिवशी पोहोचू लागला. हे लाभ खरे आहेत आणि त्यांविषयी खंत करण्याचे कारण नाही. मात्र यामुळे यंत्रे भंगारात गेली आणि ती चालविणारे हात रिकामे झाले. कार्बनच्या कांड्या जुळविणारे कारागीर आता उतारवयात आहेत. मूकपटांच्या बाबतीत जी चूक घडली, तीच त्यांच्या बाबतीत पुन्हा घडू लागली आहे. ती रोखण्यास मोठा निधी लागत नाही. थोडी जागरूकता पुरे.

शिक्षकांना करता येण्यासारखे काम असे. गावातील अथवा तालुक्यातील ज्यांनी तंबूत वा चित्रपटगृहात यंत्र चालविले, तिकिटे विकली, भित्तिपत्रके लावली, त्यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडून घ्याव्यात. गावात पहिला खेळ कोणत्या वर्षी झाला, कोठे झाला, तिकीट किती होते, यंत्रासाठी वीज कोठून आणली, एवढे प्रश्न प्रारंभास पुरेसे आहेत. खिशातल्या दूरध्वनीवर ध्वनिमुद्रण करणे आज प्रत्येक घरी शक्य आहे. अशी एक वही आणि असे एक ध्वनिमुद्रण शाळेच्या कपाटात राहिले, तरी तो इतिहासच होय.

पंचायत सदस्यांनी जुनी इतिवृत्ते पाहावीत. जत्रेच्या जागेचे भाडे आणि तंबूस दिलेली परवानगी यांच्या नोंदी त्यांत सापडू शकतात. महसूल विभागातील अधिकाऱ्यांकडेही अशीच सामग्री असण्याचा संभव आहे. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३ चा. मुंबई सिनेमा विनियमन अधिनियम १९५३ चा. फिरत्या सिनेमांचे परवाने, तपासणीचे अहवाल, शुल्काच्या नोंदवह्या यांतून कोणत्या गावी किती खेळ झाले याचा हिशेब मिळू शकतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर करमणूक शुल्काची जुनी व्यवस्था संपली, आणि निरुपयोगी ठरलेल्या नोंदवह्या कालबाह्य अभिलेख म्हणून नष्ट होण्याचा धोका वाढला. नाशनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्यातील नमुन्यादाखल काही अभिलेख पुराभिलेख विभागाच्या नजरेस आणून देणे अवघड नाही.

कोणाच्या घरी वा कार्यालयात जुनी रिळे असतील, तर ती उत्साहाच्या भरात यंत्रावर चढवून पाहू नयेत. आक्रसलेली फीत यंत्रात फाटते. १९५० पूर्वीची फीत नायट्रेटची असण्याची शक्यता असल्याने तिच्याजवळ विडी-काडी वा दिवा नेऊ नये. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद ट्रंकेत न ठेवता थंड, कोरड्या व हवेशीर जागी ती ठेवावी आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयास कळवावे. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली काम करीत आहे. डब्यावरील लेबल, सोबतचे कागद, भित्तिपत्रक, गाण्यांची पुस्तिका यांपैकी काहीही निरुपयोगी समजू नये. फितीची ओळख पटविण्यास हेच कागद उपयोगी पडतात.

नाशिकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक उभारण्यात आले आहे. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावे दिला जातो. हा गौरव यथोचित आहे. तथापि ज्या कृतींमुळे हा गौरव झाला, त्यांपैकी बहुतेक कृती पाहण्याचे भाग्य स्मारकास भेट देणाऱ्या विद्यार्थ्यास लाभणार नाही. स्मारकाच्या वरच्या अंगास डोंगरात कोरलेली लेणी सुमारे दोन हजार वर्षे टिकली आणि पायथ्याच्या गावात शंभर वर्षांपूर्वी घडलेली चित्रे मात्र टिकली नाहीत. दगड आपोआप टिकतो. चित्रफीत कोणी तरी टिकवावी लागते. ‘कालियामर्दन’चे रीळ ज्या हातांनी सांभाळले, तसे हात प्रत्येक तालुक्यात निर्माण व्हावेत. पडद्यावरच्या पुराणाला आणि ते दाखविणाऱ्या अनाम कामगारांना याहून उचित अभिवादन दुसरे नाही.